मावशीने पाळलेले जंतू

मावशी सकाळी उठली की आधी हात धुवायची. नखांपासून कोपरापर्यंत, साबणाचा फेस दोनदा काढून. मग दोन्ही हात वर धरून नळ कोपराने बंद करायची. घरचा नळ तसा बंद व्हावा म्हणून काकांनी त्याला लांब दांडीची मूठ बसवून घेतली होती. पाहुणे त्या मुठीशी झटापट करायला लागले की काका बाहेरून ओरडायचे, "कोपराने, कोपराने! आमच्याकडे बोटांना बंदी आहे."

मावशीची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात गेली. ऑपरेशनची हत्यारं तिथे रक्ताने माखलेली यायची. ती धुवायची, तपासायची, कापडात गुंडाळायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची, हे तिचं काम. ती नर्स नव्हती, पण ती राहायची त्या इमारतीत सगळे तिला सिस्टर म्हणायचे आणि ती चूक दुरुस्त करून करून ती दमली होती. रुग्ण तिच्या नजरेला क्वचितच पडले. तरी वर कुणाचं पोट उघडलं असेल, तर त्यात जाणारी प्रत्येक कात्री आपल्या हाताखालून गेली आहे, हे तिच्या चालण्याबोलण्यातही जाणवायचं. ती कधी घाईत नसायची आणि कधी उशिरा पोचायची नाही.

त्या तळघरात यंत्राचीच परीक्षा घेण्याची एक रीत होती. जिवंत जंतू भरलेली एक छोटी कुपी मुद्दाम हत्यारांबरोबर वाफेत ठेवायची आणि नंतर ती उबेत ठेवून वाट बघायची. कुपीतलं पाणी जांभळंच राहिलं तर जंतू मेले, सगळं ठीक. पिवळं पडलं तर एखादा वाचला. मग त्या खेपेचं एकूण एक हत्यार परत मागवायचं. मावशी निवृत्त झाली त्या दिवशी साहेबांनी भाषणात बरंच काही म्हटलं. घरी आल्यावर तिने आम्हाला सांगितलं ते एवढंच, "माझ्या हातची एकही कुपी पिवळी पडली नाही."

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या मशीनशेजारी काचेची टाकी होती आणि टाकीत पाच मासे: चंदेरी, अंगावर काळे पट्टे, पडद्यासारखे लांब पंख. नोकरीत असताना मावशी ड्यूटीवरून आली की आधी वर जायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. एक शिवत राहायची, दुसरी बघत राहायची. खाली आल्यावर काका विचारायचे, "काय म्हणतात तुझे नातेवाईक?" आणि मावशी गंभीरपणे उत्तर द्यायची, "मधला आज जेवला नाही नीट."

मग त्या बाईंचं लेकीकडे राहायला जायचं ठरलं. लेकीच्या घरी मांजर होती. जिन्यात गाठून त्यांनी मावशीला विचारलं, "सिस्टर, मासे तुमच्याकडे दिले तर चालतील? नाहीतर दुकानदार परत घेईन म्हणतोय, पण तो त्यांना कुठल्या टाकीत टाकेल आणि कुणाला..."

"हो," मावशी म्हणाली. बाईंचं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

महिनाअखेरीला सामानाचा टेम्पो येणार होता. वरची टाकी इतकी जुनी होती की जागची हलवली तर तिचे सांधेच सुटले असते. तोवर खालच्या मजल्यावर पाच जिवांसाठी घर तयार व्हायला हवं होतं.

नवी टाकी आली. मावशीने ती जशी धुतली, तशी आमच्या घराण्यात कुठलीच वस्तू आजवर धुतली गेलेली नाही. वाळू उकळली. दगड उकळले. फिल्टरमधला स्पंज, म्हणजे ज्यातून पाणी गाळलं जातं तो, तीन पाण्यांतून काढला. काका दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मासे आले की त्यांनाही एक उकळी देणार का?"

"तुम्ही गप्प बसा."

पण ती सावध बाई. वरच्या माशांना थेट नव्या पाण्यात सोडायची तिची छाती झाली नाही. आधी दुकानातून दोन छोटे मासे आणून सोडले. पाणी इतकं नितळ होतं की टाकी रिकामीच वाटत होती आणि दोन मासे हवेत तरंगताहेत असं दिसत होतं. आठवडा संपायच्या आत दोन्ही मेले.

मावशी त्या दिवशी जेवली नाही. मला फोन केला तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. "पिवळी पडली गं," ती म्हणाली. मला कळायला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तिने टाकीतलं पाणी एका उकळलेल्या बाटलीत भरलं, वर तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि ती बाटली माशांच्या दुकानदारासमोर नेऊन ठेवली. दुकानदार जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. मी सोबत होते म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

"तुमच्या माशांनी माझ्या घरात रोग आणला," मावशी म्हणाली.

त्याने थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात थेंब टाकले, नळी हलवली आणि पांढऱ्या कागदापुढे धरली. पाणी हळूहळू हिरवं झालं.

"टाकी काय काय घालून धुतली होती, बाई?"

मावशीने सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात जरा अभिमानच होता. दुकानदार ऐकत गेला आणि त्याच्या भुवया वर वर चढत गेल्या.

"म्हणजे एकही जंतू शिल्लक ठेवला नाहीत."

"अर्थात."

"म्हणूनच मेले."

दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं आणि आम्हाला बसवून नीट समजावून सांगितलं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं पाण्यात कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो. तो विषच. निसर्गात एका जातीचे जंतू तो खातात, पण त्यातून नायट्राइट करून ठेवतात, आणि तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जंतू ते नायट्राइट खाऊन त्याचं नायट्रेट करतात. ते मात्र माशांना सहन होतं, अधूनमधून थोडं पाणी बदललं की झालं. नव्या टाकीत या दोन्ही जाती नसतात. त्यांना आधी घरात आणायचं, वाढवायचं, वस्ती करू द्यायची, मग मासे.

"म्हणजे," मावशी एकेक शब्द तोलत म्हणाली, "मी जंतू वाढवायचे?"

"हो."

"मी?"

मला हसू आवरेना. तिने माझ्याकडे असं बघितलं की ते आवरलं.

परत येताना तिच्या पिशवीत तपासणीचा संच होता: थेंबांच्या छोट्या बाटल्या, काचेच्या नळ्या, रंगांचा तक्ता. बसमध्ये ती तो तक्ता उलटसुलट करून बघत होती. उतरायच्या आधी तिचा चेहरा बदलला होता. कुपीचा रंग बघून पाण्यातलं न दिसणारं ओळखायचं, हे काम तर तिचंच होतं. फक्त आता हवं ते नको होतं आणि नको ते हवं होतं. "ऐक," तिने माझा हात धरला, "हे मला जमेल."

आणि मग त्या घरात जे सुरू झालं त्याला उत्सव म्हणावा की परीक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रिकाम्या टाकीत ती रोज चिमूटभर खाणं टाकायची, कुजावं म्हणून. सकाळी खिडकीशी उभी राहून नळ्या भरायची आणि उजेडात तक्त्याशी ताडून बघायची. तक्त्यावरचे दोन हिरवे एकमेकांच्या इतके जवळ होते की तिला दुसरं मत हवं असायचं, आणि दुसरं मत म्हणजे काका. काकांनी आयुष्यभर बस चालवली होती.

"अहो, हा कुठला?"

"हिरवा! सोडा गाडी!"

"हिरवा म्हणजे विष. पिवळा झाला की अमोनिया नाही."

"म्हणजे हिरव्याला थांबायचं आणि पिवळ्याला जायचं? असले सिग्नल लावलेस तर रोज अपघात होईल."

"आणि नायट्राइटला आकाशी म्हणजे नाही, जांभळा म्हणजे आहे."

"आकाशी?" काका हताश झाले. "माझ्या नोकरीत आकाशी नव्हता गं."

पहिले काही दिवस हिरवा गडद होत गेला आणि दुसरी नळी आकाशीच राहिली. जिन्यात वरच्या बाई भेटायच्या. "झाली का तयारी, सिस्टर?" "होतेय, होतेय." दोन मासे मेल्याचं मावशीने त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि बाईंनी मासे दुकानातच द्यायचं ठरवलं तर? ही भीती तिने मला एकदाच बोलून दाखवली आणि लगेच विषय बदलला. घरी मात्र तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मग एका सकाळी मी अजून अंथरुणातच होते, फोन वाजला.

"जांभळं!" पलीकडून मावशी अक्षरशः किंचाळली. "अगं, जांभळं झालं! आले!"

"कोण आले?"

"जंतू! पहिल्या जातीचे! नायट्राइट दिसतंय म्हणजे कोणीतरी अमोनिया खातंय. काल आकाशी होतं, आज बघ कसं जांभळं झालंय, आमच्या कुपीसारखं!"

मागून काकांचा आवाज आला, "तिला सांग, बारशाला ये म्हणावं."

त्या दिवशी तिने तीन वेळा फोन केला. हिरवा फिका होत चालला होता. दुसरी नळी इतकी गडद झाली होती की तक्त्यावरचा शेवटचा चौकोनही तिच्यापुढे फिका वाटावा. पाणी किंचित दुधाळ झालं होतं, आणि जिला काचेवर बोटाचा ठसा सहन व्हायचा नाही ती ते दुधाळपण मला फोनवर कौतुकाने वर्णन करून सांगत होती. आता दुसऱ्या जातीची वाट. ते आले की जांभळं परत आकाशी होईल आणि तिसऱ्या नळीत, नायट्रेटच्या, नारिंगी चढेल. महिना संपायला थोडेच दिवस उरले होते, पण गाडी रुळावर होती.

आणि मग तिने स्पंज धुतला.

मी तिला तेव्हाही विचारलं, नंतरही विचारलं. तिला स्वतःलाच ते नीट सांगता आलं नाही. फिल्टर उघडला तेव्हा स्पंज तपकिरी झाला होता, बोटांना बुळबुळीत लागत होता. पुढचं हातांनीच केलं. गरम पाणी, जंतुनाशकाचे थेंब, पिळणं, पुन्हा गरम पाणी, मग पातेल्यात घालून उकळी. तपासणी करायची ती पाण्याची, जंतू वाढताहेत तेही पाण्यात, अशी तिची समजूत. गाळणी तर स्वच्छच हवी ना! पांढराशुभ्र स्पंज परत बसवून ती समाधानाने भाजी चिरायला बसली.

दोन दिवसांत अमोनियाची नळी पुन्हा गडद हिरवी. जांभळं होतं तिथेच अडलेलं.

तिने दुकानदाराला फोन लावला. काका सांगतात की बराच वेळ ती नुसतं "हो... हो..." करत होती आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "उकळला." पलीकडून हसण्याचा असा गडगडाट झाला की काकांना तो खुर्चीत बसून ऐकू आला.

"बाई, जंतू पाण्यात थोडेच असतात. ते चिकटून राहतात, स्पंजला. ती तपकिरी घाण म्हणजेच ते. तुम्ही अख्खी वस्ती उकळलीत."

"आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून."

पहिल्यापासून करायला वेळच नव्हता. मी संध्याकाळी गेले तेव्हा मावशी टाकीसमोर बसली होती, हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. काकांनी चहा केला होता. विनोद एकही केला नाही, यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

"वर जाऊन सांगते," ती उठली. "दुकानदाराला द्या म्हणते. खोटी आशा लावून ठेवण्यात अर्थ नाही."

मीही मागोमाग गेले. वरच्या बाई खोक्यांमध्ये बसून कापडं घडी करत होत्या. मावशीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: दोन मासे मेले ते, उकळलेली वाळू, उकळलेला स्पंज. एकही गोष्ट गाळली नाही. तळघरात एखादी खेप परत मागवायची वेळ आली असती तर तिने वरिष्ठांना असंच सांगितलं असतं.

बाई ऐकत होत्या. मग त्यांना हसू फुटलं. "अहो सिस्टर, आमचा स्पंज मी कधी नळाखाली धरलेलाच नाही. दुकानदाराने पहिल्याच दिवशी दम दिला होता. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात जरासा पिळायचा, पुन्हा जागच्या जागी. इतका घाणेरडा आहे की तुम्हाला दाखवायची लाज वाटायची. तुम्ही आलात की मी फिल्टरवर कापड टाकायचे!"

मावशीची नजर बाईंवरून टाकीवर गेली, टाकीवरून फिल्टरवर. ती जे बोलली ते आमच्याशी नव्हतं.

"एका खोलीतला संसर्ग दुसऱ्या खोलीत."

"काय?"

"आयुष्यभर हेच होऊ नये म्हणून मी तिथे बसले होते." तिचे डोळे चमकायला लागले होते. "बाई, तुमचा तो घाणेरडा स्पंज. अर्धा मला देता? अर्धा तुमच्या माशांना राहू दे. बादली आहे? कात्री? टाकीतलंच पाणी घ्या हं, नळाचं नको, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आणि कोरडा पडता कामा नये. अगं, बघत काय उभी राहिलीस, बादली धर!"

बाईंनी शिवणाची मोठी कात्री दिली. मावशीने उघड्या हातांनी तो काळपट, बुळबुळीत ठोकळा बाहेर काढला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. नाक क्षणभर आक्रसलं, बस्स. मग तिने स्पंज मधोमध कापला आणि एखादं हत्यार थिएटरात पोचवावं तशी ती बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरली. काका दार उघडून उभे होते.

"हे काय आणलंस?"

"बाजूला व्हा! जिवंत आहे!"

स्पंज नव्या फिल्टरमध्ये बसला. टाकीच्या पाण्यात त्यातून एक तपकिरी ढग सुटला आणि वाळूवर पसरत गेला. मावशी तो ढग बघून हसली.

दुसऱ्या दिवशी हिरवा फिका. तिसऱ्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी, अगदी स्वच्छ पिवळी, आणि जांभळ्याच्या कडांना निळा शिरलेला. मी तिथेच मुक्काम ठोकला होता. कॉलेजला बुट्टी मारली होती. तिने मुद्दाम पुन्हा खाणं टाकून बघितलं, की आलेले खरंच काम करताहेत की नुसते पाहुणे आहेत. अमोनिया वर आलाच नाही. मग ती सकाळ उजाडली, जेव्हा दुसऱ्या नळीत निखळ आकाशी उतरला.

उरली तिसरी. नायट्रेटची बाटली खूप जोरात हलवावी लागते, नाहीतर आतलं औषध तळाशी बसतं आणि नळी खोटं बोलते. ते काम काकांकडे होतं. खडबडीत रस्त्यावरची बस चालवल्यासारखे ते सबंध अंगाने हलत होते.

"पुरे?"

"अजून."

"गिअर अडकेल माझा!"

"अजून, अहो, अजून!"

थेंब पडले. तिघंही खिडकीशी दाटीवाटीने उभे राहिलो. पाणी पिवळं, मग जरा दाट, मग त्यात हळूच नारिंगी चढत गेला, उन्हात धरलेल्या फळाच्या फोडीसारखा.

काकांनी तक्ता घेतला, डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. "पिवळा, आकाशी, नारिंगी," ते म्हणाले. "असा सिग्नल मी जन्मात पाहिला नाही. पण जा म्हणतोय ना?"

"जा म्हणतोय," मावशी म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले. मग लगेच अर्धं पाणी बदलायला लागली. नळाचं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं, क्लोरीन मारायचं औषध टाकून. आपल्या हाताने वसवलेल्या जंतूंच्या वस्तीवर नळाचं कच्चं पाणी ओतायची चूक ती आता करणार नव्हती.

टेम्पो आला त्या सकाळी पाच मासे जिन्यावरून झाकणाच्या बादलीत उतरले. उरलेला अर्धा स्पंजही आला. मावशीने घाई केली नाही. टाकीतलं पाणी पेल्याने थोडं थोडं बादलीत मिसळत राहिली; मासे तिकडच्या पाण्यातून इकडच्या पाण्यात कधी आले ते त्यांनाही कळू नये, इतकं सावकाश. वरच्या बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. रस्त्यावरून हॉर्न वाजला. त्या उठल्या नाहीत.

पहिला मासा जाळीतून सुटला आणि खाली वाळूकडे गेला. दुसरा, तिसरा. मधला, जो कधी नीट जेवायचा नाही, काचेपाशी थांबला. मग पाचही जण एकत्र फिरले, पडद्यासारखे पंख उघडत, आणि टाकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. मावशीने तिथल्या तिथे नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, खिडकीकडे धरलं. पिवळं.

"हे बघा," तिने नळी बाईंच्या हातात दिली. बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी ती बराच वेळ उजेडात धरली. मग पर्स खांद्याला लावली, माशांकडे न बघता दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या.

खालून पुन्हा हॉर्न.

मावशी नळी विसळत होती. तिने मान वळवून विचारलं, "त्यांच्या खाण्याचा डबा वरच राहिला का हो? थांबा, मी येते घेऊन, तुम्ही तोवर बसा यांच्यापाशी."